पाय एकच आहे ना जी

आमच्या रामटेके सरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. गुडघे राहतात.

मी त्यांच्या शेजारच्या खोलीत बसून सोळा वर्षं रिपोर्ट टाइप करते आहे, तेव्हा हे ऐकीव नाही. सदाशिव पेठेतल्या एका अरुंद बोळात आमचं सोनोग्राफी आणि एक्स-रेचं सेंटर आहे. सर रेडिओलॉजिस्ट, म्हणजे शरीराच्या आतली चित्रं काढून ती वाचणारे डॉक्टर. त्यातही त्यांचा जीव दोनच गोष्टींत, सांधे आणि रक्तवाहिन्या. पोटाची सोनोग्राफी ते करतात, पण लांबच्या पाहुण्याशी बोलावं तशी, जेवढ्यास तेवढी. गुडघा आला की मात्र खुर्ची पुढे ओढतात.

माझ्या पुतण्याच्या लग्नात मी सरांना आग्रहानं बोलावलं होतं. तिथे एक फेटेवाले गृहस्थ ताट सांभाळत त्यांच्यासमोर आले आणि म्हणाले, "काय डॉक्टर, ओळखलंत का?"

सरांनी त्यांच्याकडे बराच वेळ आदरानं पाहिलं. मग म्हणाले, "जरा चार पावलं चालता का?"

गृहस्थ जिलबीचं ताट घेऊन चार पावलं चालले, वळले, परत आले. सरांचा चेहरा उजळला. "अरे, उजवा गुडघा. आतल्या बाजूची गादी फाटलेली, मागे पाण्याची बारकी गाठ. काहून जी, जिने चढणं सोडलं नाही वाटतं अजून?"

गृहस्थांच्या पत्नी शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "बत्तीस वर्षं संसार केला मी यांच्याशी. मला एवढी माहिती नाही."

सर मूळचे भंडाऱ्याकडचे. शिक्षण नागपूरला झालं, पुढच्या शिक्षणासाठी पुण्यात आले आणि राहिले. खडकी स्टेशनजवळ दोन खोल्यांत एकटेच राहतात. रिपोर्ट सांगताना त्यांची भाषा इतकी शुद्ध असते की मी व्याकरणाचं पुस्तक मिटून ठेवलं आहे. पण आनंद झाला की त्यांचं विदर्भ बाहेर येतं. एखाद्या सत्तरीच्या आजोबांच्या पायातली धमनी स्वच्छ निघाली, की पडद्यामागून हमखास ऐकू येतं, "बाप्पा, काय मस्त वाहून राहिलं!"

हे एकदा रिपोर्टात गेलं. सर सांगतात, मी टाइप करते, अशी आमची पद्धत. त्या दिवशी वीस पेशंट होते आणि मी यंत्रासारखी बडवत होते. शेवटच्या ओळीत, उजव्या पायातला रक्तप्रवाह 'मस्त' आहे, असं टाइप झालं, सरांनी न वाचता सही केली आणि रिपोर्ट गेला. संध्याकाळी रक्तवाहिन्यांच्या एका मोठ्या सर्जनचा फोन आला. त्यांनी अगदी थंड आवाजात विचारलं, "मस्त म्हणजे कितवी ग्रेड?"

सरांनी सांगितलं, "नॉर्मलच्या जरा वर."

खोलीत मशीनसाठी एसी सदा चालू. त्यामुळे सर बारा महिने राखाडी रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर घालतात. मे महिन्यात अख्खं पुणं पंख्याखाली पडलेलं असताना आमच्या बोळातून स्वेटर घातलेला, उंच, पुढे वाकलेला एक माणूस जाताना दिसला, तर तो वेडा नाही, रामटेके सर आहेत, हे आता पोस्टमनलाही ठाऊक आहे. पेशंटला थंडी वाजू नये म्हणून दोन शाली ठेवलेल्या आहेत. सोनोग्राफीच्या आधी कातडीवर जो गार बुळबुळीत जेल लावतात, त्याची बाटली सर गरम पाण्यात ठेवतात, आणि ते पाणी पोळ्यांच्या डब्यात. पोळ्या गरम राहाव्यात म्हणून बायका वापरतात तो जाड झाकणाचा डबा. नवीन आलेल्या रिसेप्शनिस्टनं पहिल्याच दिवशी जेवायच्या वेळी तो मोठ्या आशेनं उघडला होता.

रक्तवाहिनी तपासताना मशीनमधून आवाज येतो, कोणी दूरवर कपडे धुतंय तसा, लयीत. बाकीचे डॉक्टर तो बारीक ठेवतात. सर मोठा करतात. पेशंटला आपल्या रक्ताचा आवाज ऐकू आला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. निरोगी पायाच्या धमनीत एका ठोक्यात तीन आवाज येतात. सर ते टेबलावर बोटांनी वाजवून दाखवतात. एकदा पेठेतलेच एक तबल्याचे मास्तर पोटरीच्या दुखण्यासाठी आले होते. पाच मिनिटं शांतपणे ऐकून ते म्हणाले, "आवाज ठीक आहे, पण तुमची बोटं अर्धी मात्रा मागे पडतायत." सरांनी तपासणी थांबवून त्यांच्याकडून ती मात्रा शिकून घेतली. बाहेर सहा माणसं ताटकळत होती. त्यांना सांभाळायचं काम माझं.

ते काम मी पाट्या लावून करते. "रिपोर्ट तयार झाला की आपणहून देऊ. तयार झाला का असे विचारल्याने तो लवकर तयार होत नाही," ही माझी. "डॉक्टर आत झोपलेले नाहीत, खोलीत अंधार लागतो," ही पण माझी. सरांना माझ्या पाट्या कडक वाटतात. त्यांनी एकदा खाली 'कृपया' लिहायला सांगितलं. मी म्हटलं, जागा नाही.

सरांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "पाय एकच आहे ना जी." ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला काही कळलं नव्हतं, कारण बहुतेकांना दोन असतात. मग हळूहळू उलगडलं. पाय दुखला की माणूस हाडांच्या डॉक्टरकडे जातो, ते सांधा बघतात. तिथे काही सापडलं नाही तर रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरकडे, ते शिरा बघतात. दोघांची दारं वेगळी, फायली वेगळ्या. सरांचा आक्षेप त्यावर. सांधा कुरकुरला की माणूस हिंडत नाही, हिंडला नाही की पोटरीतलं रक्त वर चढत नाही, साचतं. शिरा फुगल्या की पाय जड होतो, जड पायानं माणूस वाकडा चालतो, मग गुडघा झिजतो. आधी काय बिघडतं, सांधा की शीर? हे त्यांना शोधायचं होतं, आणि त्यासाठी त्यांना असे पाय हवे होते जे रोज सारखंच काम करतात.

असे पाय त्यांना मंडईत सापडले.

मंडईतल्या भाजीवाल्या सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मांडी घालून किंवा उकिडव्या बसलेल्या असतात. सर रोज तिथून भाजी घेऊन जायचे आणि भाजीऐवजी गुडघे बघायचे. सोनोग्राफीचं मशीन असं काखोटीला मारून बाजारात नेता येत नाही, गर्भलिंग तपासणीमुळे कायदा कडक आहे. तेव्हा सरांनी ठरवलं की मशीन मंडईत जात नसेल तर मंडई मशीनकडे आणायची. दर बुधवारी दुपारी एक ते चार आमचं सेंटर बंद असतं. त्या वेळात चार-चार बायकांनी यायचं, फुकट तपासून घ्यायचं, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा यायचं. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीची रीतसर परवानगी काढली. संमतीपत्राचा मराठी मसुदा मी केला.

पहिल्या बुधवारी कोणी आलं नाही. दुसऱ्या बुधवारीही नाही. परका पुरुष येऊन पाय दाखवा म्हणतो, यात बायकांना फुकटपेक्षा दुसरंच काही दिसलं असणार. तिसऱ्या बुधवारी एकच बाई आली. लिंबं, आलं आणि मिरच्या विकणारी. साठीची, ठेंगणी, काळी कुळकुळीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. हौसाबाई. मुळशीकडच्या कुठल्याशा गावाहून लग्न होऊन आलेल्या आणि तेव्हापासून मंडईत बसलेल्या. त्यांनी माझं संमतीपत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"'सदर' म्हंजी काय?"

"म्हणजे हे. हे संशोधन."

"मग 'हे' लिव्हायचं की."

मी मसुदा बदलला. सोळा वर्षांत माझी चूक काढणारी ती पहिली बाई.

आत गेल्यावर हौसाबाईंनी सरांना सांगितलं, "डॉक्टर, पाय बगा, पन माजी दोन लिंबं घ्यावी लागतील. फुकट मी कुनाचं घेत न्हाय." सरांनी लिंबं घेतली. हौसाबाईंनी बाहेर जाऊन सांगितलं असावं, की माणूस बरा आहे, जेल गरम करून लावतो. पुढच्या बुधवारी चौघी आल्या, प्रत्येकीच्या पदरात काहीतरी. मग ती पद्धतच पडली. बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे पडवळ, घेवडा, अळूच्या गड्ड्या यांचा ढीग लागायचा, आणि गुरुवारी सकाळच्या पेशंटना एक्स-रेच्या खोलीत कोथिंबिरीचा वास यायचा. एका आजींनी मला विचारलंही, "इथे काय शिजवता का?" मी म्हटलं, "नाही, नुसतं बघतो."

बायकांना सगळं समजावून सांगायची सरांची हौस मोठी. पडद्यावर शीर दाखवायचे. तो मशीनचा दांडा पोटरीवर जरा दाबायचे. "हे बघा, हा काळा गोल म्हणजे शीर. दाबली की चपटी होते. डोळा मिटला बघा. चांगल्या शिरेनं डोळा मिटला पाहिजे. आत गुठळी असली ना, तर कितीही दाबा, तो उघडाच राहतो." बायका एकमेकींच्या शिरांचे डोळे बघून हसायच्या. बाहेर पडताना विचारायच्या, "तुजा मिटला का गं?"

असे बुधवार तीन-साडेतीन वर्षं गेले. माझी दुपारची झोप गेली, पण ते जाऊ दे.

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका बुधवारी हौसाबाईंची पाळी होती आणि त्या आल्या नाहीत. बाकीच्या तिघी आल्या. त्यांनी सांगितलं, "तिचा गुडगा धरलाय. पाय सुजलाय. वैदूनं सांगितलं, गुडग्यातलं पानी खाली उतरलंय."

सर म्हणाले, "कोणत्या पायाचा?"

"डावा."

सरांनी स्वतःच्या आठवणीतून डावा गुडघा काढला. मागे पाण्याची गाठ होती, खरं आहे. अशी गाठ फुटली की पाणी पोटरीत उतरतं आणि पाय सुजतो, हेही खरं. पण शिरेत गुठळी झाली तरी पाय असाच सुजतो. बाहेरून दोन्ही सारखे. पहिल्यात विश्रांती घेतली की भागतं. दुसऱ्यात ती गुठळी सुटून छातीत गेली तर माणूस हातचा जातो. हे सगळं सर मला चपला घालता घालता सांगत होते. "दातारबाई, फाइल घ्या. चला."

आमच्या बोळातून मंडई दहा मिनिटांवर. सर त्या दिवशी कोणाचेही पाय न बघता चालले.

हौसाबाई आपल्या ओट्यावर पोत्याला टेकून बसल्या होत्या, डावा पाय लांब केलेला. पोटरी तुळतुळीत ताणलेली, उजव्या पायाच्या दीडपट. शेजारची मिरचीवाली रखमा वाटीत कोमट तेल घेऊन पुढ्यात बसली होती आणि तळवा मांडीवर घेऊन सुरुवात करणार होती.

"हात लावू नका."

सरांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. रखमा घाबरून मागे सरकली, वाटी लवंडली. दोन-तीन गिऱ्हाइकं थांबली. सरही गोंधळले असावेत, कारण पुढचं वाक्य ते अगदी हळू बोलले. "मावशी, पाय चोळायचा नाही. अजिबात नाही. आत्ता माझ्याबरोबर सेंटरला यायचं."

हौसाबाईंनी मान हलवली. "आज न्हाई जमायचं, डॉक्टर. सनाचे दिस हायेत. लिंबं कोन बगंल?"

"रखमाताई बघतील."

"तिला तिचं हाय."

"सुनेला बोलवा."

"ती कामावर गेलीया, सांजच्याला येती."

सर उभे राहिले. त्यांनी लिंबांकडे पाहिलं, मग हौसाबाईंच्या पायाकडे, आणि मग माझ्याकडे. मी सदाशिव पेठेत जन्मलेली, त्याच पेठेत दिलेली, सोळा वर्षं टायपिंग करणारी बाई आहे. मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, "दातारबाई बसतील ना जी."

हौसाबाईंनी मला खालून वर न्याहाळलं. "मिरच्या उचलून दिऊ नका. घेनाऱ्याला आपल्या हातानं घिऊ द्या, न्हाईतर तिखट लागली की तुमच्यावर येतंय." एवढं शिकवून त्या रिक्षात बसल्या. रखमानं आणि सरांनी मिळून त्यांचा पाय सीटवर आडवा ठेवला. सर पुढे ड्रायव्हरशेजारी अर्धे बाहेर लोंबकळत बसले आणि रिक्षा गेली.

मी पोत्यावर बसले.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक बाई. तिनं लिंबू उचललं, दाबलं, ठेवलं. दुसरं उचललं, दाबलं, ठेवलं. पाचव्यांदा मी म्हटलं, "घ्यायचं असेल तर घ्या. दाबल्यानं रस वाढत नाही."

तिनं वर पाहिलं. "तुम्ही नवीन का?"

"हो. आणि तुमच्यामुळे लिंबं जुनी होतायत."

तिनं सहा घेतली. पुढच्या माणसानं विचारलं, "लिंबं रसाळ आहेत का?" मी म्हटलं, "मी आत जाऊन पाहिलेलं नाही." त्यानंही घेतली. तासाभरात रखमा स्वतःची मिरची सोडून माझ्याकडेच बघत बसली. म्हणाली, "बाई, आमी दिवसभर या या करतो तरी कुनी थांबत न्हाय. तुमी हाकलताय आन् लोक रांगंत उभं ऱ्हातंय."

मला बरं वाटलं, हे नाकारत नाही. पण कान फोनकडे होते.

फोन वाजला तेव्हा मी कोणाला तरी आलं निवडून देत होते. सरांचा आवाज अगदी सपाट होता, रिपोर्ट सांगतात तसा. "दातारबाई, गुडघ्यामागची गाठ शाबूत आहे. पाणी उतरलेलं नाही." पुढे म्हणाले, "मांडीपर्यंत शीर भरलेली आहे. डोळा मिटत नाही."

माझ्या हातातलं आलं तसंच राहिलं.

"मी घेऊन चाललोय हॉस्पिटलात. फोन केलाय, वाट बघून राहिले ते. सुनेला निरोप द्या. घाबरवू नका तिला."

संध्याकाळी सून आली तेव्हा ओट्यावर चार मिरच्या आणि एक आल्याचा तुकडा उरला होता. मी तिला हळू आवाजात सगळं सांगितलं. माझा हळू आवाज मला स्वतःलाच ओळखू येईना. ती तशीच हॉस्पिटलात धावली. मी घरी गेले आणि पहिल्यांदाच पोटरी गरम पाण्यानं शेकत बसले. एका दुपारीत माझी मांडी मोडली होती. त्या बाईनं चाळीस वर्षं घातली होती.

गुठळी मोठी होती, पण सुटली नव्हती. रक्त पातळ करायची औषधं सुरू झाली आणि चार दिवसांत सूज उतरायला लागली. पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी काळजी करायला नको. हौसाबाई दसऱ्याच्या आधी मंडईत परत आल्या. आता त्या खुर्चीवर बसतात, पायात घट्ट मोजे असतात, दर तासाला उठून मंडईला एक चक्कर मारतात आणि वाटेत सगळ्यांची चौकशी करतात. रखमाचं म्हणणं, आजारापेक्षा हे जास्त त्रासाचं आहे.

मला सांगायचंय ते पाचव्या दिवसाचं. भेटीच्या वेळेला सर आणि मी वॉर्डात गेलो. हौसाबाई उशांना टेकून बसल्या होत्या, पाय उंच ठेवलेला. मला बघताच म्हणाल्या, "बाई, माजी गिऱ्हाइकं तोडली म्हनं तुमी."

"तोडली नाहीत. वळण लावलं."

"आता मी परत गेले की मलाबी तसंच बोलाया सांगतील." त्या हसल्या. मग सरांकडे वळल्या. "डॉक्टर, तुमी रखमीवर लई वरडला. ती गरीब बाई हाय. तेलच लावत व्हती."

"चुकलंच माझं," सर म्हणाले. "माफी मागितली मी त्यांची."

"ते सांगितलं तिनं. पन येवढं वरडायला काय झालं व्हतं?"

सर स्टुलावर बसले. हाताचे तळवे गुडघ्यांवर ठेवले. मला वाटलं, आता ते गुठळी कशी सुटते ते समजावणार. पण ते बोलायला लागले तेव्हा त्यांची रिपोर्टातली भाषा कुठेच नव्हती.

"माझी आई विड्या वळायची जी. दिवसभर सूप मांडीवर घेऊन बसलेली राहे. मी नागपूरला डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला होतो. दिवाळीला घरी गेलो तर तिचा पाय असाच सुजलेला. सारं गाव म्हणे, गुडघ्याचा वात आहे. मला बी तेच वाटलं. पहिल्या वर्षाला काय समजते माणसाला? पण मी डॉक्टर होऊन राहिलो होतो ना, तर मोठ्या तोऱ्यात तेल कोमट केलं अन् तिचा पाय दाबून दिला. तासभर दाबला. सकाळी ती उठली, चहा ठेवला, अन् दम लागला म्हणून खाली बसली. मी पाणी आणेपर्यंत गेली."

वॉर्डात शेजारच्या खाटेवर कोणीतरी केळं सोलत होतं. त्याचा वास मला अजून आठवतो.

"तेलानंच गेली का?" हौसाबाईंनी विचारलं.

"माहीत नाही. तेच तर आहे ना. गुठळी होती का, होती तर माझ्या दाबण्यानं सुटली का, का ती तशीही सुटणार होती, कोणालाच सांगता येत नाही. आत कोणी पाहिलंच नाही. तिकडे तेव्हा कुठलं मशीन? साऱ्या दुनियेच्या पायांची चित्रं आहेत माझ्यापाशी. तिच्या पायाचं नाही."

मी सरांसाठी हजारो गुडघे टाइप केले होते आणि हे एक वाक्य माझ्यापर्यंत आलं नव्हतं. मी पिशवीतला डबा उगीच काढला, उगीच परत ठेवला.

हौसाबाई हळहळल्या नाहीत. एखाद्या भाजीचा भाव विचारावा इतक्या साधेपणानं त्यांनी विचारलं, "दाबताना काय म्हनली ती?"

सर आठवत राहिले. "काही नाही. झोपली. लय दिवसांत झोप नव्हती तिला, पाय ठणके म्हणून. दाबता दाबताच झोपली."

"मंग." हौसाबाईंनी उशी सारखी केली. "आमचे पाय कवा कोन दाबून देतंय, डॉक्टर. जलम जातो तरी कुनाला सुचत न्हाय. लेकानं दाबले आन् तिला झोप लागली. तेवढं सुख घिऊन गेली ती. बाकीचं तुमचं तुमी मशीनमदी बगा."

सरांनी चष्मा काढला, स्वेटरच्या टोकानं पुसला, परत लावला. पुन्हा काढला.

तेवढ्यात सिस्टर आल्या आणि वेळ संपल्याचं सांगू लागल्या. घरचं एकच माणूस थांबू शकेल म्हणाल्या. सून अजून यायची होती. सिस्टरनी सरांना विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?"

मी डॉक्टर आहे, एवढं म्हणाले असते तरी भागलं असतं. सरांना ते सुचलं नाही. हौसाबाई म्हणाल्या, "घरचंच मानूस हाय ते. ऱ्हाऊ द्या त्यांना."

मी एकटीच निघाले.

दुसऱ्या दिवशी टोमॅटोचं सूप घेऊन गेले तेव्हा हौसाबाईंकडून कळलं, सुनेला यायला साडेसात वाजले आणि तोवर सर तिथेच बसून होते. मी विचारलं, "काय करत होतात दोघं इतका वेळ?"

"काय न्हाय. आईचं सांगत व्हते. बाई लई तऱ्हेवाईक व्हती म्हनं. जलमभर विड्या वळल्या, पन धुराचा वास आला की शिंका यायच्या. गावात कुनी विडी पेटवली की हिची शिंक निम्म्या गल्लीला ऐकू जायची, आन् बिचारा पेटवनारा विझवून टाकायचा." हौसाबाईंनी पदर तोंडाला लावला. "लई हसलो आमी, बाई. सिस्टर दोनदा येऊन दटावून गेली."